शेफचं पुस्तक घेऊ की रुचिरा? भाचीला दिलेलं लांबलचक उत्तर

मागच्या शनिवारी भाचीचा फोटो आला, पुस्तकाच्या दुकानातून. काउंटरवर दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवलेली, एक टीव्हीवरच्या शेफचं, जाड गुळगुळीत कागद, पानभर फोटो, आणि दुसरं रुचिरा. खाली एकच ओळ, मावशी कुठलं घेऊ पटकन सांग. आता हे काय पटकन सांगण्यासारखं आहे का? मी तिला तेव्हा फक्त "थांब" एवढंच टाइप केलं आणि मग रात्री बसून जे लिहिलं ते इतकं वाढलं की म्हणलं इथेच टाकते, अजून कोणी दुकानात अडकलेलं असेल तर उपयोग होईल.

आधी परिस्थिती सांगते कारण सगळं त्यावर आहे. ती हिंजवडीत फ्लॅटवर राहते, तिघी जणी, एक इंडक्शन, एक तीन लिटरचा कुकर, एक कढई, छोटा मिक्सर, ओव्हन नाही. ऑफिसमधून यायला साडेसात. पोळ्यांना बाई आहेत, भाजी आमटी भात यांचं यांनाच बघायचंय. म्हणजे ही रोजचा स्वयंपाक करणारी मुलगी आहे, रविवारी हौस म्हणून काहीतरी करणारी नाही, आणि पुस्तक घेताना पहिल्यांदा हेच ठरवायचं असतं की आपण यातले कोण.

आता सेलिब्रिटी म्हणलं तरी त्यात दोन जाती आहेत हो. एक हॉटेलातून आलेले. संजीव कपूर हे मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात एक्झिक्युटिव्ह शेफ होते, मग १९९३ ला खाना खजाना सुरू झालं आणि ते घराघरात गेले. दुसरे म्हणजे घरातूनच प्रसिद्ध झालेले. तरला दलाल यांनी १९६६ ला घरी क्लास घ्यायला सुरुवात केली, पहिलं पुस्तक १९७४ चं, पुढे २००७ ला पद्मश्री मिळाली, पण हॉटेलची भटारखान्यातली नोकरी काही त्यांनी केली नव्हती. आणि आपल्या कमलाबाई ओगले, रुचिरा १९७० चं, त्यांचं नाव तर सेलिब्रिटी हा शब्द मराठीत रुळायच्या आधीपासून प्रत्येक घरात. कव्हरवर नाव मोठं आहे म्हणून पुस्तक वाईट असं अजिबात नाही, त्या नावाच्या मागे कुठलं स्वयंपाकघर आहे ते बघायचं.

कारण हॉटेलच्या किचनचं गणितच वेगळं असतं. तिथे सकाळी कांदा-टोमॅटोची एक, मखनी एक, काजूची पांढरी एक अशा ग्रेव्ह्या पातेली भरभरून होतात, आलं-लसूण वाटलेलं तयार, कांदा चिरलेला तयार, आणि संध्याकाळी ऑर्डर आली की शेफ दणदणीत फ्लेमवर दहा मिनिटांत पनीर काढतो. ती रेसिपी जशीच्या तशी पुस्तकात आली की काय होतं, पान ८७ वर पनीरची रेसिपी, साहित्यात लिहिलेलं "मखनी ग्रेव्ही दीड कप, पान २३ पहा", पान २३ वर गेलं की तिथे "काजू पेस्ट पाव कप, पान १९ पहा". हा माझा स्वतःचा अनुभव आहे, पुस्तकाचं नाव सांगत नाही, पान नंबरही अंदाजे, पण प्रकार अगदी हाच होता. वार मंगळवार. मला वाटलं पाऊण तासाचं काम. टोमॅटो उकडायचे एका पातेल्यात, काजू भिजवायचे वाटीत, मिक्सरचं एक भांडं टोमॅटोला, मग तेच धुऊन काजूला, मग गाळणीतून गाळायचं, त्याला खाली अजून एक पातेलं, मग कढई, मग पनीर तळायला तवा, मग ते कोमट पाण्यात टाकायला वाडगा. सिंक भरलं. "कांदा ५ मिनिटं सोनेरी होईपर्यंत परता" असं लिहिलेलं आणि माझ्या घरच्या मधल्या बर्नरवर दोन कांद्यांना १७ मिनिटं लागली, घड्याळ लावून बघितलं मी. जेवायला पावणेदहा. चव? चव अप्रतिम होती, हे खरं सांगायला पाहिजे, मुलगा म्हणाला हॉटेलसारखं झालंय. पण नवऱ्याने भांडी बघितली आणि काही न बोलता नळ सोडला.

आता हेच एका इंडक्शनवर करून बघा. टोमॅटो उकडेपर्यंत दुसरं काहीच करता येत नाही, आणि भात कुठे लावायचा? म्हणून तिला म्हणलं रेसिपीत एका वेळी किती भांडी आचेवर आहेत ते दुकानात उभं राहूनच मोज, ते कुठल्याच कव्हरवर लिहिलेलं नसतं.

रुचिरा याच्या अगदी उलट. माझ्या आईच्या प्रतीला कव्हर नाहीये, पुरणपोळीचं पान तुपाने पारदर्शक झालंय आणि मधे कुठेतरी दुधाचं बिल सापडलं. मापं वाटी-चमच्याची. ही वाटीची गोष्ट लोकांना जुनाट वाटते पण माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची तीच, कारण वाटी कुठलीही असली तरी एका रेसिपीत सगळं त्याच वाटीने घेतलं तर प्रमाण चुकत नाही. कपाचं तसं नाही. अमेरिकन कप साधारण २४० मिली, आपल्या घरातला चहाचा कप त्याच्या जेमतेम अर्धा, आणि टेबलस्पून म्हणाल तर बहुतेक ठिकाणी १५ मिली पण ऑस्ट्रेलियात २० मिली. अर्ध्या वस्तू चहाच्या कपाने आणि अर्ध्या टेबलस्पूनने घेतल्या की केक बसलाच समजा.

पण रुचिरा घेतलं की झालं असं मी म्हणणार नाही, त्यातही अडचणी आहेत. एक म्हणजे ते ज्या बाईसाठी लिहिलंय तिला फोडणी कशी करायची हे माहिती आहे असं धरलेलं आहे. मोहरी तडतडली म्हणजे किती, हिंग आधी की हळद, हे ज्याने कधी आईच्या शेजारी उभं राहून बघितलं नाही त्याला पुस्तकातून कळायला अवघड जातं. फोटोच्या बाबतीत शेफचं पुस्तक सरळ जिंकतं, थालीपीठ कितपत लाल हवं हे एका फोटोत कळतं. नारळ, तूप, तेल यांचा हात जुन्या पद्धतीचा सढळ, तो आपला आपण कमी करायचा. आणि भाजीत अर्धी वाटी ओलं खोबरं म्हणलं तर हिंजवडीत रात्री आठला नारळ कोण फोडणार, डेसिकेटेड वापरलं तर चव तितकी येत नाही पण चालतं.

तिच्या रूममेटला ओटोलेंगी या लंडनच्या शेफचं पुस्तक पाहिजे होतं, तेही या चर्चेत घुसलं, म्हणून तेही. त्यांचं २०१८ चं सिंपल नावाचं पुस्तक माझ्याकडे आहे, दिराने लंडनहून आणलेलं. नावाप्रमाणे खरंच सोपं करायचा प्रयत्न केलाय, प्रत्येक रेसिपीला खूण आहे, ही कमी वेळाची, ही दहा किंवा कमी जिन्नसांची, ही आदल्या दिवशी करून ठेवायची, अशी. ही खुणांची आयडिया मला फार आवडली, आपल्या पुस्तकांनी चोरावी अशी. पण मग सुरुवातीला ते स्वतःचे आवडते दहा जिन्नस देतात, सुमाक (एक आंबट पूड), झातार (अरबी मसाला), डाळिंबाचा घट्ट आटवलेला रस, खारवलेलं लिंबू, काळा लसूण वगैरे, आणि त्या दहात माझ्या डब्यात फक्त एक सापडला, वेलची पूड. हसायला आलं. बाकीचं जुगाड होतं, ताहिनी म्हणजे पॉलिशचे तीळ हलके भाजून तेलात वाटायचे, सुमाकच्या आंबटपणाला आमचूर, डाळिंबाच्या रसाला चिंच-गूळ थोडंफार जवळ जातं. मी त्यातून वर्षभरात पाच-सहा गोष्टी केल्या असतील. भाजलेल्या फ्लॉवरचं सॅलड पाहुण्यांना हमखास आवडतं. पण रोजच्याला नाही, आणि ओव्हन नसेल तर निम्मं पुस्तक नुसतं बघायचं.

इंग्लंडचे शेफ जेमी ऑलिव्हर, त्यांचं पाच जिन्नसांवालं पण असंच, २०१७ चं, त्यात मीठ, मिरी, ऑलिव्ह ऑइल, व्हिनेगर हे पाचात धरलेलंच नाही. याला लोक लबाडी म्हणतात, मला नाही वाटत. आपण तरी मोहरी-हिंग-हळद कुठे मोजतो? फक्त त्यांचं गृहीत सामान वेगळं आणि आपलं वेगळं, प्रश्न तिथेच येतो. परदेशी पुस्तकात अजून एक फसगत म्हणजे क्रीम. इंग्लंडमधली डबल क्रीम जवळपास ४८ टक्के फॅटची, आपल्याकडे पाकिटातली फ्रेश क्रीम मिळते ती २५ टक्क्यांची. ती तुम्ही अर्धा तास फेटली तरी उभी राहत नाही, माझा हात गेला होता फेटून फेटून आणि मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. बटरचंही तेच, आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, परदेशी केकच्या रेसिपीत बहुतेक वेळा बिनमिठाचं धरलेलं असतं.

जे मराठी लोक बाहेर राहतात त्यांचं उत्तर थोडं वेगळं आहे. तिथे अभिनेत्री आणि पाककृती लेखिका मधुर जाफरींची पुस्तकं बरी पडतात, त्या स्वतः लंडनला नाटकाचं शिक्षण घ्यायला गेल्या तेव्हा स्वयंपाक येत नव्हता, आईने पत्रातून रेसिप्या लिहून पाठवल्या त्यावर शिकल्या, आणि १९७३ चं पहिलं पुस्तक त्यांनी परदेशातल्या स्वयंपाकघरासाठीच लिहिलं. त्यामुळे तिथल्या दुकानात काय मिळतं याचं भान आहे. वरण-भाताची सोय मात्र त्यातून होणार नाही, त्याला रुचिरा किंवा मंगला बर्वेंचं अन्नपूर्णा बॅगेत टाका.

मला स्वतःला सगळ्यात मोठा फरक कुठे वाटतो सांगू का, उरलेल्यात. शेफच्या पुस्तकात प्रत्येक पदार्थ सुट्टा असतो. पाव कप क्रीम वापरली, उरलेल्या पाकिटाचं काय? अर्धी जुडी सेलरी उरली, तिचं काय? घरात रोजचा प्रश्न "आज कुठला पदार्थ" हा नसतोच, काल उरलेली अर्धी वाटी आमटी, दोन मऊ पडलेली वांगी आणि शिळा भात यातून आज चार जण कसे जेवतील हा असतो. म्हणून दुकानात पुस्तक हातात घेतलं की मी आधी आपल्याला पाठ असलेला पदार्थ उघडते, साधी आमटी किंवा बटाट्याची भाजी, त्यात वेळ आणि प्रमाण खरं लिहिलंय का बघते. तिथेच जर कांदा ५ मिनिटांत सोनेरी होत असेल तर बाकीच्या दोनशे पानांवर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. "अमुक पान पहा" किती वेळा येतं ते बघते. आणि शेवटची सूची बघते, कारण घरात दुधी पडलाय म्हणून पुस्तक उघडलं तर दुधी खाली काहीतरी सापडायला पाहिजे.

शेफचं पुस्तक घ्यायचं असेल तर वापरायची एकच रीत मला जमली. रविवारी कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही एकदम किलोभराची करून तीन डब्यांत फ्रीजरला, म्हणजे हॉटेल जे करतं तेच घरात. मग बुधवारी ती पनीरची रेसिपी खरंच वीस मिनिटांत होते. ज्यांचा फ्रीजर बर्फाने भरलेला असतो त्यांनी आधी तो रिकामा करा.

तर भाचीला सांगितलं, आत्ता रुचिरा घे, शेफवालं दिवाळीला मी देते, तोपर्यंत शेगडी घे दोन बर्नरची. तिने घेतलं. तीन दिवस शांतता, मग मेसेज, "मावशी यात मंद आच लिहिलंय, इंडक्शनवर म्हणजे किती?" आता कमलाबाईंनी १९७० ला हे कुठून लिहावं. मी म्हणलं ४०० वॅटवर ठेवून बघ, नाही जमलं तर फोन कर. रात्री नऊला फोन आलाच, पण तो भाताबद्दल होता.