रक्ताची एनआयपीटी की गर्भजल तपासणी?

खानापूरच्या माझ्या वहिनीला 38व्या वर्षी दिवस राहिले, तेव्हा बाळाला डाऊन सिंड्रोम, म्हणजे गुणसूत्रांतला जन्मजात दोष, आहे का ते बघायला बेळगावच्या डॉक्टरांनी हे दोन पर्याय पुढं ठेवले. एनआयपीटी ही रक्ततपासणी गरोदरपणाच्या 10व्या आठवड्यापासून होते. आईच्या हातातलं रक्त पुरतं, बाळाला धोका नाही. पण ती डाऊन सिंड्रोमची शक्यता सांगते, खात्री देत नाही. आणि महाग.

गर्भजल तपासणी 15 आठवड्यांनंतर. संमतीपत्र कन्नडमध्ये होतं, नर्सबाईंनी ते सावकाश मराठीत समजावलं. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत पोटातून बारीक सुई घातली, पिवळसर पाणी काढलं. वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलेलं. गर्भपाताचा थोडा धोका असतो, पण डाऊनचं निदान पक्कं होतं.

मला विचाराल तर आधी रक्त, जोखीम जास्त आली तरच सुई. नुसत्या एनआयपीटीवर गर्भपाताचा निर्णय मात्र घेऊ नका, बायांनो.