वेम्बली की ब्लूम्सबरी: लंडनमध्ये शिकताना राहायचं कुठे?

मास्टर्ससाठी लंडनला निघालेली आपल्याकडची बरीच मुलं शेवटी याच दोन पर्यायांपाशी अडतात. विद्यापीठाजवळ, ब्लूम्सबरीसारख्या मध्य लंडनच्या भागातल्या (झोन १) स्टुडंट हॉलमधली छोटीशी खोली, नाहीतर दूर वायव्येच्या वेम्बली-हॅरो उपनगरांकडे चार-पाच जणांत घेतलेलं भाड्याचं घर. मी पहिलं सत्र वेम्बलीत काढलं आणि जानेवारीत ब्लूम्सबरीतल्या एका हॉलमध्ये गेलो. भाड्याचे आकडे तुम्ही एव्हाना घोकले असतीलच. दिवस कसा जातो, तेवढं सांगतो.

वेम्बलीची बाजू भक्कम आहे. ईलिंग रोडवर मेथी, कढीपत्ता, ताजी भाजी, सगळं मिळतं. स्वयंपाकघर आपलं, त्यामुळे हिंगमोहरीची फोडणी बिनधास्त. हॉलमध्ये धूर जरा वर गेला की अलार्म वाजतो, आणि मग सगळी इमारत थंडीत रस्त्यावर उभी राहून फोडणी कोणाची याचा शोध घेते. शिवाय १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे, वेम्बली पार्कहून ट्यूबच्या (तिथल्या मेट्रोच्या) ज्युबिली लाइनने अवघं दुसरं स्टेशन. गणपतीत घरची आठवण यायला लागली की त्याची किंमत कळते. त्रास किरकोळ. वेम्बली स्टेडियमवर सामना असला की नव्वद हजारांची गर्दी आणि तुम्ही एकाच स्टेशनवर. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तोवर कौन्सिल टॅक्स (तिथल्या पालिकेचा घरावरचा कर) माफ. त्यातल्या एकाचं शिक्षण संपून तो नोकरीला लागला की बिल येतं आणि ते कोणी भरायचं यावर बैठका बसतात.

प्रवासाला लोक उगाच घाबरतात. ट्यूबची मेट्रोपॉलिटन लाइन वेम्बली पार्कहून ब्लूम्सबरीजवळच्या युस्टन स्क्वेअरला वीसेक मिनिटांत आणते, आणि तिचे डबेही वातानुकूलित. फक्त हिशोब नीट करा. विद्यार्थ्यांच्या ऑयस्टर या प्रवास-कार्डावरची ३० टक्के सवलत पासवर असते, सुट्या तिकिटावर नाही. मास्टर्सचे वर्ग बहुतेकदा आठवड्यातून तीनच दिवस, त्यामुळे पास परवडेलच असं नाही.

मला वैताग आला तो ऑफ तासांचा. इथलं वेळापत्रक सलग नसतं. सकाळी दहाला लेक्चर, ते बाराला संपतं, आणि सेमिनार थेट चारला. मधले चार तास करायचं काय? गाडी वीस मिनिटांची असली तरी दारापासून दारापर्यंत माझा पाऊण-एक तास जायचा. घरी जाऊन परत येणं म्हणजे गाडीभाडं जास्त आणि हाती जेमतेम दोन-अडीच तास. म्हणून थांबायचं. लायब्ररीत त्या वेळी खुर्ची मिळणं मुश्कील. ब्रिटिश लायब्ररी जवळ आहे, पण तिथल्या वाचनकक्षांबाहेरच्या टेबलांवर आपल्यासारखेच सकाळपासून ठाण मांडून बसलेले. डबा नेला तर मायक्रोवेव्हपुढे रांग, नाही नेला तर सुपरमार्केटचं थंडगार सँडविच. लॅपटॉप, चार्जर, डबा, छत्री आणि दुपारी नको झालेलं जाकीट असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन इकडून तिकडे फिरायचं. डिसेंबरात चारच्या आसपासच सूर्य मावळतो. सेमिनारला पोचेपर्यंत मी इतका पेंगुळलेला असायचो की वाचून आलेलं एक वाक्यसुद्धा तोंडातून निघायचं नाही. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतला नाही.

ब्लूम्सबरीत गेल्यावर तोच मंगळवार वेगळा जाऊ लागला. बाराला सुटलो की खोलीवर, वरणभात, अर्धा तास आडवा, आणि चारला हातात फक्त वही. खोली एवढीशी की खुर्ची मागे सरकवली तर पलंगाला लागायची. महिन्याचा खर्चही चांगलाच वाढला. थोडा भाग मी बाहेरचं खाणं आणि ट्यूबचं भाडं वाचवून भरून काढला, सगळा नाही. शनिवारी भाजीसाठी वेम्बलीला जायचोच. अगदीच नड असली की युस्टनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर डाळ-तांदूळ मिळतात.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. वर्ग एकाच दुपारी सलग असतील, किंवा संध्याकाळी वेम्बलीतच काम मिळालं असेल (व्हिसावर सत्रात आठवड्याला २० तास चालतं), तर घर घ्या आणि छान जेवा. पण मधे ऑफ तास असतील आणि ओढाताण करून का होईना पैसे उभे राहत असतील, तर मी हॉलकडेच झुकेन.

मेख अशी की वेळापत्रक बहुधा सप्टेंबरात हाती येतं आणि हॉल त्याच्या खूप आधी भरतात. म्हणून त्याच कोर्सच्या एखाद्या सीनियरकडून गेल्या वर्षीचं वेळापत्रक मागून घ्या. फार बदलत नाही. आणि आधी वेम्बलीत राहून बघायचं असेल, तर जानेवारीत सोडता येईल असंच घर घ्या. जानेवारीत हॉल सोडणारे आपला उरलेला करार दुसऱ्याच्या गळ्यात घालायला उत्सुक असतात, थोडी घासाघीसही चालते. मला खोली तशीच मिळाली.