दारू सोडण्याच्या मीटिंगा: नऊ महिन्यांनंतर

पहिल्या आठवड्यात अनुभव लिहिला असता तर 'वेळ फुकट गेला' एवढंच लिहिलं असतं. आता नऊ महिने झालेत, शंभरेक मीटिंगा झाल्यात, म्हणून लिहितोय.

आधी एक इशारा. सकाळी हात थरथरत असतील आणि एक पेग पोटात गेल्याशिवाय ते थांबत नसतील, तर मीटिंग नंतर, डॉक्टर आधी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात, आणि यात माणसं दगावतात. मी आठ दिवस दाखल होतो, गोळ्या आणि थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं घेतली, मगच गट शोधायला लागलो.

शोधताना पहिला पत्ता चुकीचा निघाला, दाराला कुलूप. तेव्हा जायच्या आधी फोन कराच, आणि मीटिंग खुली आहे की बंद तेही विचारा. खुलीला कोणीही येऊ शकतं, बंद मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. मी विचारलं नव्हतं, त्यामुळे बायकोला दीड तास बाहेर बसावं लागलं. (घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. ती आता तिकडे जाते, आणि तिथलं मला काही सांगत नाही.)

माझा पहिला गट अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा. फी नाही, नाव नोंदवायचं नाही, शेवटी डबा फिरतो, वाटलं तर टाका. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कोणी सल्ला द्यायचा नाही. पण त्या गटात एक जुने गृहस्थ दर वेळी पाऊण तास बोलायचे आणि कोणी त्यांना थांबवायचं नाही. तीन आठवड्यांनी मी गट बदलला. एकच मीटिंग बघून 'एए आपल्यासाठी नाही' असं ठरवू नका. पद्धत तीच असली तरी दोन गटांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

देवाचं काय, हा प्रश्न मलाही पडला. एएमध्ये दारू सोडायचा रस्ता बारा पायऱ्यांत मांडलाय, आणि त्यांत ईश्वर येतो, 'आपल्याला जसा उमगेल तसा' अशी पुस्ती जोडून. मला तो अजून उमगलेला नाही. म्हणून दोन महिने स्मार्ट रिकव्हरी या दुसऱ्या संस्थेच्या ऑनलाइन मीटिंगाही केल्या. तिथे देव नाही, 'मी मद्यपी' म्हणायची सक्ती नाही, आणि एकमेकांशी मोकळेपणाने बोलता येतं. पिण्याचे फायदे-तोटे चार रकान्यांत लिहायचा त्यांचा कागद माझ्या पाकिटात अजून आहे. पण तिथे स्पॉन्सर, म्हणजे नव्या माणसाला सांभाळून घेणारा जुना सदस्य, नसतो, आणि मला रात्री अकराला फोन उचलणारा माणूस हवा होता. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर लोक होते. पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत एए आणि बारा पायऱ्यांवरचे उपचार इतर उपचारांपेक्षा सरस दिसले, बाकी बऱ्याच बाबतीत बरोबरीचे. तेव्हा जिथे तुमचा पाय टिकेल तिथे जा.

मला न आवडलेलं म्हणजे दिवस मोजणं. तीस दिवस न प्यायल्याचं नाणं गटाकडून मिळालं तेव्हा छाती फुगली होती. चौथ्या महिन्यात एका रात्री प्यायलो आणि बारा दिवस कोणाला सांगितलं नाही, कारण आकडा शून्यावर गेला असता. त्या बारा दिवसांत मीटिंगला जाऊन टाळ्या घेतल्या. पिण्यापेक्षा त्याचीच लाज जास्त वाटली. शेवटी स्पॉन्सरला सांगितलं. ते म्हणाले, "बरं. उद्या गटात सांगशील?" सांगितलं. कोणी कीव केली नाही की रागावलंही नाही. त्या रात्री दोघांचे फोन आले. त्यातला एक सात वर्षं कोरडा असलेला माणूस, त्याचंच मन त्या आठवड्यात डळमळत होतं.

तेव्हा मला एएच्या सुरुवातीची गोष्ट नीट कळली. मे १९३५, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन. पुढे एए सुरू करणाऱ्या बिल विल्सनला दारू सोडून पाचच महिने झाले होते आणि धंद्याचं काम फिसकटलं होतं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने फोन केले ते कोणीतरी दारुडा भेटावा म्हणून, कारण त्याच्याशी बोललो तर आपण वाचू, असं त्याला वाटलं. असा त्याला एएचा दुसरा संस्थापक डॉक्टर बॉब स्मिथ भेटला. आणि मी इतके दिवस समजत होतो की गटावर माझं ओझं आहे!

एक तक्रार मात्र गंभीर. एका जुन्या सदस्याने मला डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितलं, "तीही नशाच" म्हणून. एएचीच पुस्तिका सांगते की सदस्याने डॉक्टर बनू नये. मी गोळ्या चालू ठेवल्या.

आता गटाच्या वहीत माझाही नंबर आहे. गेल्या महिन्यात रात्री दीडला फोन वाजला. पलीकडचा काही बोलेचना, नुसता श्वास ऐकू येत होता. मग मीच, त्या दिवशी संध्याकाळी मला किती प्यावीशी वाटली होती, ते सांगायला लागलो.