टांकसाळीतल्या चुकीचे मोल: सोलापुरातील एका नाणी-दुकानाचा अनुभव

बँकेत रोखपाल असताना नाण्यांच्या पिशव्या मोजताना जे नाणे वेगळे दिसे, ते मी पदरचे पैसे भरून बाजूला काढून ठेवीत असे. सव्वीस वर्षांत अशी एकोणीस नाणी जमली. त्यांची नीट पारख करून घ्यावी म्हणून गेल्या दोन महिन्यांत मी सोलापूरच्या सराफ बाजारालगत, एका बोळात पहिल्या मजल्यावर असलेल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात तीन वेळा जाऊन आलो. दुकानदारांच्या इच्छेनुसार नाव देत नाही, पण तिथे जे शिकायला मिळाले ते या छंदातल्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असे आहे.

पहिल्या भेटीला कारण ठरले ते माझ्या फसवणुकीचे नाणे. दोन्ही बाजूंना सिंहमुद्रा असलेला एक रुपया मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अडीच हजार रुपयांना घेतला होता. दुकानदारांनी तो हातात घेतला, काउंटरच्या काचेवर हलकेच टाकला आणि आवाज बद्द येताच काट्यावर ठेवला. १९९२ पासून निघालेल्या त्या पोलादी रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम असते, माझा ४.३१ भरला. मग दहापट भिंगाखाली त्यांनी कडेच्या अगदी आतल्या अंगाला केसाएवढी बारीक, सलग गोल रेघ दाखवली. एका नाण्याचे पोट कोरून त्यात दुसऱ्या नाण्याची घासून पातळ केलेली बाजू बसवलेली होती. जुनी नाणी व नोटांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून लोकांकडून पैसे उकळणाऱ्यांबाबत त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. तो वाचूनही मी फसलो, याचे मला फार वाईट वाटले होते. त्यामुळे या गृहस्थांनी विकत घेण्याची भाषा न करता आधी अर्धा तास समजावून सांगितले, ही गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे.

त्यांच्या कामाची पद्धत अशी की, किमतीचा विषय काढण्यापूर्वी ते नाण्यांचे दोन भाग करतात: टांकसाळीच्या दाराआत झालेली चूक आणि दाराबाहेर झालेली इजा. पत्र्यातून चकती कापणे, तिची कड उचलणे आणि दोन ठशांमध्ये दाबून नाणे पाडणे या तिन्ही टप्प्यांत चूक होऊ शकते आणि संग्राहक पैसे मोजतो ते केवळ त्याच चुकीचे. माझ्या एकोणीसपैकी आठ नाणी पहिल्याच बैठकीत दुसऱ्या भागात गेली. एका नाण्यावरची रेघ मी इतकी वर्षे फुटलेल्या ठशाची समजत होतो. ठशाला तडा गेला की दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उंचावलेली उमटते. माझी रेघ भिंगाखाली खोल गेलेली दिसली, म्हणजे तो साधा ओरखडा होता. आकड्यांची दुहेरी छाया असलेली दोन नाणीही अशीच निकालात निघाली. ठसा बनतानाच त्यावर दुहेरी आकृती उमटली असेल तर दोन्ही रेषा गोलाईदार आणि स्वतंत्र दिसतात. माझ्या नाण्यांवर मात्र आकड्याला लागून चपटी पायरी होती. ती यंत्राच्या थरथरीने येते आणि तिला जादा मोल नसते.

कड कापल्यासारखे दिसणारे नाणे त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिले. पत्र्यावर आधीच पडलेल्या छिद्रावर पुढची कापणी झाली तर चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. अशा चकतीची कड उचलली जात असताना खाचेच्या बरोबर समोरच्या भागावर पुरेसा दाब येत नाही, म्हणून तिथली कड पुसट राहते. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची कड ठसठशीत असते. माझ्या नाण्याची समोरची कड पुसट निघाली आणि ते पहिल्या भागात राहिले.

किमतीबाबत त्यांचे म्हणणे मला पटले, कारण ते प्रत्येक वेळी नाणे समोर ठेवून बोलत होते. ठशात वंगण साचल्यामुळे सालातला एखादा आकडा पुसट आला, तर अशी नाणी विपुल असल्याने ती दर्शनी किमतीच्या फारशी वर जात नाहीत. भारतीय नाणे वरच्या-खालच्या कडेला बोटांत धरून फिरवले, तर दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. ठसा थोडासा फिरलेला असेल तर कोणी विचारत नाही, माझ्या अकरा बाजूंच्या दोन रुपयांसारखा पुरता उलटा असेल तर गिऱ्हाईक मिळते. ठसा सरकलेल्या नाण्यात निम्म्याच्या आसपास भाग कोरा राहिला आणि तरीही साल वाचता आले, तर भाव चांगला येतो. माझा रुपया दहावा हिस्सासुद्धा सरकलेला नाही, म्हणून त्यांनी त्याचे दीडशेच सांगितले आणि ते योग्यच होते.

मन रमले ते 'लाखी' नाण्यात. आधी पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहते, खाली नवी चकती येते आणि तिच्यावर ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचेच तोंड दाबले जाते. त्यामुळे एका बाजूला सिंह उंचावलेले आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह आरशातल्यासारखे उलटे आणि खोल उमटतात. चिकटलेले नाणे पुढच्या दाबांनी पसरत जाते तशी उलटी आकृती फैलावून पुसट होते, म्हणून पहिल्या दाबाचे नाणे सर्वांत मोलाचे. माझ्या रुपयावर सिंहाच्या आयाळीच्या बटा खोलगट बाजूलाही मोजता येतात. त्याचे त्यांनी बाराशे देऊ केले आणि 'घाई करू नका, आणखी एक-दोघांना दाखवा' असेही आवर्जून सांगितले.

तिथेच एका गिऱ्हाइकाने पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया चुकीचे नाणे म्हणून पुढे केला. राजाच्या वस्त्रावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो या आक्षेपामुळे पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी ७ लाखच नाणी बाहेर आली, उरलेली वितळवली आणि १९१२ पासून आकृती सुधारली गेली. दुकानदारांनी शांतपणे सांगितले की हा दोष आराखड्याचा आहे, तो त्या सालच्या प्रत्येक रुपयावर आहे, म्हणून इथे भाव ठरतो तो नाण्याच्या स्थितीवर.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. विक्रीच्या नाण्यांवर किमती लिहिलेल्या नसतात, त्यामुळे नवख्या माणसाला संकोच वाटतो. बरीच नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवलेली आहेत; त्या प्लास्टिकमुळे कालांतराने तांबे असलेल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो आणि इतक्या जाणत्या माणसाकडून ही हयगय मला खटकली. लेखी अभिप्रायाचे ते शंभर रुपये घेतात, परंतु नाण्याचा दर्जा ठरवून ते डबीत बंद करून देणाऱ्या परदेशी श्रेणीकरण संस्थांच्या सीलबंद डबीला लिलावात जे वजन असते ते या कागदाला नसते, हे ते स्वतःच सांगतात. दुपारनंतर काउंटरवर उजेड कमी होतो, म्हणून स्वतःचे भिंग घेऊन सकाळी अकराच्या सुमारास जावे आणि नाणी घासून-पुसून नेऊ नयेत. माझे खाचेचे नाणे मी चिंचेने उजळवले होते. त्याचे तीनशे आले असते, ते ऐंशीवर थांबले.