कोयती कमरेला न्यायची कशी: आकडी, पायपाचं म्यान की हाताने शिवलेलं चामड्याचं?

काही वर्षांपूर्वी श्रावणात पाखाडीवरून घसरलो. जांभ्याच्या पायऱ्या, त्यावर दोन महिन्यांचं शेवाळ, आणि दोन्ही हातांत शहाळी. कुशीवर पडलो म्हणून पाठ वाचली, पण आकडीतली, म्हणजे कमरेच्या दोरीला मागे लावलेल्या आकड्यातली, कोयती उसळून बाहेर आली आणि पोटरीत बसली. पाच टाके पडले. तोपर्यंत कोयती कमरेला कशी न्यावी हा विचार करण्याचा विषय आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. आजोबांनी आकडी बांधली, वडिलांनी बांधली, मीही बांधली.

टाके सुकेपर्यंत घरी बसून मी पायपाचं एक म्यान केलं आणि पुढच्या उन्हाळ्यात चामड्याचं एक शिवलं. आता घरात तिन्ही आहेत आणि तिन्ही वापरात आहेत. मुंबई-पुण्याहून परत येऊन स्वतःची बाग बघायला लागलेली माणसं हल्ली वाडीत बरीच दिसतात. लोहाराकडून चांगली कोयती करून घेतात आणि मग विचारतात, "कमरेला काय बांधू?" हे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी कोयतीकडे नीट बघा. पातं सरळ नाही. आत वळलेलं आहे, धार आतल्या बाजूला आणि टोकाला चोच. फांदी ओढून तोडायला हीच चोच उपयोगी पडते, आणि म्यान करताना हीच नडते. सुरीचं म्यान म्हणजे एक खिसा, सुरी सरळ आत जाते. कोयतीला तसा खिसा केला तर चोच शिरण्याइतकं तोंड रुंद ठेवावं लागतं, आणि मग मानेपाशी पातं डगडगतं. बाजारातली तयार म्यानं कोयतीला बसत नाहीत याचं कारण एवढंच. ती शिकारी सुऱ्यांच्या मापाने केलेली असतात.

आकडीत ही अडचण नाही, कारण आकडी पातं झाकतच नाही. कमरेला दोरी, मागे लाकडाचा नाहीतर लोखंडाचा आकडा, त्यात कोयती अडकवायची. माडावर चढताना दोन्ही हात मोकळे, वर पोचल्यावर हात मागे नेला की न बघता मूठ हातात येते. पावसात पातं भिजतं, पण तसंच सुकतंही. पाणी कुठे साठत नाही. आमची काकू गाऊनवर दोरी आवळून आकडी बांधते आणि दिवसभर बागेत असते. तिला पट्टा लागत नाही, बक्कल लागत नाही. सुताराने फणसाच्या लाकडाची करून दिलेली आकडी माणसाच्या हयातीत झिजत नाही. खर्चाच्या बाबतीत हिच्या जवळपासही कोणी येत नाही.

पण धार उघडी राहते. करवंदीच्या जाळीतून वाकून जाताना वेल मुठीखाली अडकते आणि कोयती वर उचलली जाते. बांधावर टेकायचं तर आधी कोयती काढून ठेवावी लागते, आणि काढून ठेवलेली कोयती तिथेच विसरते. मोटारसायकलवर तर आकडी नकोच. मागे बसलेल्या माणसाच्या मांडीपाशी उघडं पातं येतं. मी स्वतः वर्षानुवर्षं तसाच फिरलो आणि मागे माझी मुलगी बसायची. आता तो विचार आला की अंगावर काटा येतो.

बाजारपेठेतून जाण्याचाही प्रश्न आहे. शेतीच्या कामासाठी बनवलेल्या पात्याला शस्त्र कायद्याखाली परवाना लागत नाही. पण सणासुदीला किंवा निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी हत्यार घेऊन फिरायला बंदी असते. अशा दिवसांत उघडी कोयती कमरेला लावून एसटी स्टँडवर उभं राहू नये. पातं म्यानात घालून, गोणपाटात गुंडाळून पिशवीत टाकावं आणि सरळ बागेत जावं. शर्टाखाली लपवून नेणं त्याहून वाईट. लपवलेलं पातं दिसलं की समोरच्याला वेगळीच शंका येते.

पायपाचं म्यान थोडक्यात सांगतो, कारण ते करायला एक संध्याकाळ पुरते. सांडपाण्याचा चार इंची पीव्हीसी पाईप घ्या, फूटभर कापा, उभा चिरा. पीव्हीसी साधारण ८० अंशांना मऊ पडतो, म्हणजे बंबातल्या कढत पाण्यात काम होतं. मऊ झाला की दोन फळ्यांत दाबून सपाट करायचा, परत गरम करून पात्याभोवती दुमडायचा आणि धारेच्या बाजूने स्टेनलेस स्टीलचे बोल्ट मारायचे. पाठीची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे चोच तिथून आत जाते. विस्तवावर धरू नका. पाईप जळला तर त्याचा धूर छातीला घातक असतो. तळाला भोक पाडायला विसरू नका, नाहीतर पावसाचं पाणी आत साठून चोच गंजते.

भर पावसात हे म्यान उत्तम. बुरशी नाही, वास नाही, चिखल लागला तर विहिरीवर धुऊन टाकायचं. दोष दोन. एक, आत वाळूचे कण गेले की कोयती काढता-घालताना धार घासते आणि खडखड आवाज येतो. दोन, ऊन खाऊन प्लास्टिक कडक होतं आणि दुमडीवर तडकतं. माझ्या पहिल्या म्यानाला दुसऱ्या उन्हाळ्यात चीर गेली. दुमडीवर बोटाने दाबून महिन्यातून एकदा बघत जा.

आता चामडं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि पहिलं म्यान फुकट घालवलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली निवड चामड्याचीच. दुकानात दोन तऱ्हेचं मिळतं. एक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. मऊ असतं, पाण्याला बरं असतं, पिशव्या-जाकिटं त्याची होतात. दुसरं हिरडा, बाभळीची साल अशा झाडपाल्याने कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं. माझं पहिलं म्यान क्रोमच्या चामड्याचं होतं. तालुक्याला एक म्हातारे काका चपला शिवतात, त्यांना दाखवलं. त्यांनी कापलेली कड नखाने खरवडली, आत निळसर राखाडी रंग दिसला. "हे पिशवीला चांगलं," म्हणाले, "धारेला नको. याला आकार राहत नाही." खरंच राहिला नाही. चार दिवसांत म्यान मोज्यासारखं लोंबायला लागलं, आणि मऊ म्यानातून धार कधी बाहेर येईल याचा भरवसा नसतो.

झाडपाल्याने कमावलेल्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी असते. ते पाण्यात भिजवलं की मातीसारखं वळतं आणि सुकलं की त्याच आकारात कडक होतं. म्यानाला हवं ते हेच. म्हशीचं घ्या. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीचं चामडं मात्र रीतसर मिळतं, आणि जाड, भरड असल्याने या कामाला तेच योग्य. जाडी तीन-साडेतीन मिलिमीटर. त्याहून पातळ असेल तर धार आरपार येते. आंबा घाट चढून कोल्हापुरात गेलात तर हाताने चाचपून निवडता येतं. कड उघडी करून दाखवत नसतील तिथून घेऊ नका.

आधी पुठ्ठ्यावर कोयती ठेवून आकार काढा, धारेच्या बाजूला बोटभर जास्त. दोन तुकडे, आणि त्यांच्यामध्ये धारेच्या बाजूने तिसरी, सेंटिमीटरभर रुंद पट्टी. ही मधली पट्टी अजिबात टाळू नका. ती नसेल तर धार थेट दोऱ्यावर येते आणि कोयती घालताना रोज एकेक टाका कापते. एका दिवशी म्यान शिवणीवरून उघडतं आणि धार तुमच्या अंगाकडे असते. पाठीची बाजू वरून निम्मी उघडी ठेवून तिथे आडवा पट्टा आणि टिचबटण. चोच आधी पाठीकडून घालायची, मग पातं फिरवून आत दाबायचं आणि बटण लावायचं.

शिलाई दोन सुयांची. मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या शिलाईत एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. काकांनी मला पहिले चार टाके घालून दाखवले. आरी चामड्यात तिरकी जायची, सुई जाताना मेणाचा बारीक 'कर्र' आवाज यायचा, आणि प्रत्येक टाक्याला दोन्ही मुठी बाहेर ओढून दोरा चामड्यात रुतवायचे. माझे टाके वाकडे आले. तळव्यांना दोऱ्याचे वळ उठले. पण ते म्यान आजही एका टाक्याने सैल झालेलं नाही.

रिवेट आणि बटण पितळेचं वापरा. लोखंडाचं लावलं तर ते गंजतंच, शिवाय चामड्यातल्या हिरड्याशी मिळून भोवती काळा डाग पसरतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, तीच ही शाई. पितळेवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट थर येतो, तो पुसून काढता येतो.

शिवून झालं की म्यान कोमट पाण्यात बुडवायचं, बुडबुडे थांबले की काढायचं. कोयती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत घालायची आणि बोटांनी, चमच्याच्या दांड्याने पात्याची कड उठून दिसेपर्यंत दाबत राहायचं. मग सावलीत, वाऱ्यावर. उन्हात नाही, चुलीजवळ तर मुळीच नाही, चामडं भाजून तडकतं. हे काम एप्रिल-मेमध्येच करा. जुलैत केलंत तर सुकायच्या आधी बुरशी धरेल.

चामड्याची खरी परीक्षा पावसात होते. चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या कोकणच्या या पट्टीत चामडं कोरडं ठेवणं हे रोजचं काम आहे, आणि ते करायची तयारी नसेल तर चामड्याच्या वाटेला जाऊ नका. नुसतं खोबरेल चोळलं तर बुरशीला आमंत्रणच. मधमाशीचं मेण थोड्या तेलात वितळवून पातळ हात द्यायचा. जास्त तेल पाजलं तर कडकपणा जातो आणि आकार सुटतो. पांढरी बुरशी आलीच तर अंगणात नेऊन कोरड्या फडक्याने झटका, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

एवढी निगा राखायची तर मिळतं काय? काढता-घालताना आवाज नाही, धार घासत नाही. पट्ट्यावर कमरेच्या मागे उजवीकडे बसतं, रेनकोट वरून घातला तरी टोचत नाही. बसता येतं, वाकता येतं, गाडी चालवता येते. आणि पडलो तर पातं म्यानातच राहतं. माझ्यासाठी हा शेवटचा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी आहे. खर्च मात्र धरून चाला. चामडं, दोरा, बटणं मिळून कोयतीच्या किमतीच्या घरात जातं, आणि नवख्याला दोन पूर्ण दिवस लागतात. स्वतः शिवायचं नसेल तर चपला शिवणाऱ्या कारागिराला पुठ्ठ्याचा आकार आणि कोयती दोन्ही नेऊन द्या, मधली पट्टी घालायला स्पष्ट सांगा आणि मजुरीत घासाघीस करू नका.

तुम्ही दिवसभर माडांवर चढत-उतरत असाल तर आकडीच ठेवा. दर दहा मिनिटांनी बटण उघडायला लागलं तर दुसऱ्या दिवशी म्यान खुंटीला लागेल. पण झाडाखाली उतरल्यावर आणि गाडीवर बसण्याआधी कोयती आकडीतून काढून धारेवर टोपण चढवा, जुन्या पायपाची चिरलेली पट्टी चालेल. पावसाळ्यात बेणणी (तण काढणं), कवळ तोडणी (पाल्याच्या फांद्या तोडणं) असं चिखलातलं काम असेल तर पायपाचं. आणि घरापासून बाग लांब असेल, गाडीवरून जाणं-येणं असेल, घरात लहान मुलं असतील, तर नोव्हेंबर ते मे चामड्याचं वापरा. एकच काही करायचं असेल आणि पावसातही बागेत जावं लागत असेल, तर चामड्याची हौस बाजूला ठेवून पायपाचं करा, हे मी शिवण्याची आवड असूनही सांगतो.

चामड्याचं केलंत तर रात्री कोयती त्यात ठेवू नका. खारी हवा, चामड्यातला ओलावा आणि हिरड्याचा आंबटपणा मिळून एका रात्रीत पात्यावर तांबूस ठिपके येतात. आमच्याकडे पडवीत दोन खिळे आहेत. वरच्या खिळ्याला तेलाचं बोट फिरवलेली कोयती, मुलांचा हात पोचणार नाही इतकी उंच, आणि खालच्याला बटण उघडं ठेवलेलं रिकामं म्यान.