सोर्स एनएफएसवर आहे. बिल्डसाठी वर थर चढवावा का?

तीन-चार मशीनवर फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम सोर्सपासून बांधायची (म्हणजे बिल्ड करायची), तर सोर्स सर्व्हरवर एका जागी ठेवून एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या सोयीने, सगळीकडे रीड-ओन्ली माउंट करावा (जोडावा), यावर सहसा वाद होत नाही. वाद होतो तो बिल्डमधून निघणाऱ्या फाइली कुठे टाकायच्या यावर.

एक वाट थरांची. खाली एनएफएसवरचा सोर्स, वर लोकल डिस्कवरची लिहिता येणारी डिरेक्टरी, आणि मेकला, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, दोन्ही मिळून डिरेक्टऱ्यांचं एकच झाड दिसतं. लिनक्समध्ये यासाठी ओव्हरलेएफएस आहे, 3.18 पासून कर्नलमध्येच. खालच्या फाइलीत एक ओळ बदलली तरी आख्खी फाइल वर कॉपी होते. खोडली तर वर तिच्या नावाची फक्त खूण उरते. ऐकायला झकास. पण वरचा थर एनएफएसवर ठेवता येत नाही, आणि माउंट चालू असताना खालचा थर बदलला तर काय दिसेल याची हमी नाही. सर्व्हरवर कुणी गिट पुल करून सोर्स ताजा केला, की तुमचा अर्धवट बिल्ड गोत्यात. थरांसाठीच असलेलं फ्रीबीएसडीचं युनियनएफएस तर त्याहून नाजूक. त्याच्या मॅन्युअल पानावर ‘हे चालत नाही’ असा ठळक इशारा वर्षानुवर्षं होता, शिवाय ‘कुत्र्यापासून सावध’ही!

दुसरी वाट बिनथराची. फ्रीबीएसडीचा बिल्ड ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन निघालेल्या फाइली) मुळातच सोर्सबाहेर, यूएसआर-ओबीजेमध्ये (/usr/obj) टाकतो. जागा बदलायची तर मेकऑब्जडिरप्रीफिक्स (MAKEOBJDIRPREFIX) हा व्हेरिएबल एन्व्हायर्नमेंटमध्ये द्यायचा. नेटबीएसडी या तिच्या भावंड सिस्टिमच्या बिल्ड स्क्रिप्टलाही ऑब्जेक्टची डिरेक्टरी वेगळी सांगता येते. लिनक्स कर्नललाही येते, फक्त सोर्समध्ये आधीच्या बिल्डचा कचरा नको. यातला खरा फायदा असा, की एका मशीनवर बिल्डवर्ल्ड (मूळ सिस्टिमचा बिल्ड) करून बाकीच्यांनी सोर्स आणि ऑब्जेक्ट दोन्ही त्याच पाथवर माउंट केले, की थेट इन्स्टॉलवर्ल्ड करता येतं, म्हणजे तयार सिस्टिम पुन्हा न बांधता बसवता येते.

म्हणून केवळ ऑब्जेक्ट फाइली वेगळ्या ठेवायला थर लावणं मला तरी उगाच वाटतं. प्रत्येक मशीनचे पॅच निराळे असतील, किंवा बिल्ड हट्टाने सोर्समध्येच लिहीत असेल, तर मात्र थर कामाला येतो. अशा वेळी खाली चालू झाड न देता गोठवलेला स्नॅपशॉट द्या.

वाट कुठलीही घ्या, सर्व्हर आणि क्लायंटची घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने, जुळवा. सर्व्हर दहा मिनिटं पुढे असेल, तर नुकतीच बदललेली सोर्स फाइल ऑब्जेक्टपेक्षा नवीच दिसत राहते आणि मेक तीच फाइल पुन्हा पुन्हा कंपाइल करत बसतं.