कौलारू घर की सिमेंटचा फ्लॅट? बेळगावात भाड्याचे घर निवडताना बुरशीचा विचार

मे महिन्यात बेळगावात भाड्याचे घर शोधणाऱ्या कुटुंबासमोर बहुधा दोन प्रकारची घरे येतात: शहापूर, वडगाव, अनगोळ अशा जुन्या वस्तीतले जाड भिंतींचे कौलारू घर, किंवा टिळकवाडी, हिंदवाडी, हनुमान नगर या भागांतला सिमेंटचा फ्लॅट. भाडे, नळाचे पाणी आणि शाळेचे अंतर यांची तुलना प्रत्येक जण करतो. बुरशीची तुलना सहसा राहून जाते, कारण त्या दिवसांत भिंती कोरड्या असतात आणि मागच्या पावसाळ्याचे डाग नव्या रंगाखाली झाकलेले असतात. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर ही तुलना भाड्याच्या तुलनेइतकीच महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

बुरशीला वाढण्यासाठी मुख्यतः ओल लागते. खोलीतील सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत राहिली, तर ती सहसा जोर धरत नाही. भिंतीच्या पृष्ठभागालगतची आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या आसपास राहिली, की काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये येथे हवा एकाच वेळी थंड आणि दमट असते. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी भागात पाऊस याहून कितीतरी जास्त, तर निपाणी-चिकोडीकडे बराच कमी. तेव्हा पुढील विवेचन खानापूरकरांनी अधिक कडक आणि चिकोडीकरांनी थोडे सैल करून वाचावे.

कौलारू घरात पाणी दोन वाटांनी येते. वरून फुटलेल्या किंवा सरकलेल्या कौलांतून, आणि खालून जोत्यातून, कारण जुन्या बांधकामात जमिनीतली ओल अडवणारा थर सहसा नसतो. भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा ओलसर दिसणे आणि त्यावर पांढरी पूड येणे, ही दुसऱ्या वाटेची खूण होय. ही पूड म्हणजे लोणा, भिंतीतून बाहेर आलेला क्षार, बुरशी नव्हे; पाण्यात ती विरघळते, बुरशी विरघळत नाही. अशा घराचा मोठा गुण असा, की कौलांच्या फटींतून हवा सतत खेळती राहते आणि चुन्याने सारवलेली भिंत ओल शोषून घेते तशी बाहेरही टाकते. चुन्याचा थर अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहज वाढत नाही. मात्र याच भिंतीला घरमालकाने सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट दिला असेल, तर हा गुण संपतो. ओल आत कोंडते आणि एका पावसाळ्यात पोपडे सुटू लागतात.

फ्लॅटमधील कारणे वेगळी असतात आणि ओळखायला अवघड असतात. पश्चिमेच्या भिंतीवर झड बसते आणि गिलाव्याच्या बारीक भेगांतून पाणी आत झिरपते. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची गळती आपल्या छतात उतरते. शेवटच्या मजल्यावर स्लॅबच पाझरतो. याखेरीज स्वयंपाकाची वाफ, अंघोळ आणि घरातच वाळत घातलेले कपडे यांची वाफ बंद खिडक्यांमुळे कोंडते आणि थंड भिंतीवर, विशेषतः कपाटामागे, जमा होते. ओल आतली की बाहेरची हे ठरवण्यासाठी भिंतीवर प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या खोलीकडील बाजूला थेंब आले, तर वाफ घरातली आहे. भिंतीकडील बाजूला आले, तर पाणी भिंतीतून येत आहे.

दोन्ही घरांची डागडुजी कितपत आपल्या हातात आहे, यावर माझा कौल अवलंबून आहे. कौलारू घरात पावसाळ्यापूर्वी शाकारणी, म्हणजे कौलांची डागडुजी, झाली, की वरची वाट बहुतांशी बंद होते. जोत्यातली ओल मात्र भाडेकरूच्या आवाक्याबाहेरची आहे. फ्लॅटमधली वाफ भाडेकरूला आटोक्यात आणता येते. पण वरच्या घराच्या न्हाणीची गळती ना आपल्या हाती, ना पूर्णपणे आपल्या मालकाच्या. म्हणून मधल्या मजल्याचा, पश्चिमेची भिंत कोरडी असलेला फ्लॅट मी पहिला निवडेन. त्यानंतर चुन्याच्या भिंतींचे, शाकारणी झालेले कौलारू घर. प्लास्टिक पेंट दिलेले जुने घर किंवा गळक्या स्लॅबखालचा मजला, भाडे कितीही कमी असले तरी, मी टाळेन. मे महिन्यात पाहणी करताना भिंतीतील कपाटे, माळ्याचे कोपरे आणि सिंकखालची जागा उघडून पाहावी. कुबट वास रंगाने लपत नाही.

उपायांपैकी ब्लीचिंगचे द्रावण फरशी, टाइल आणि काचेवर उपयोगी आहे. गिलाव्यावर ते बुरशीचा वरचा रंग घालवते, पण आत मुरलेली बुरशी राहते. ब्लीच कधीही व्हिनेगर किंवा ॲसिडमध्ये मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बुरशीरोधक रंग ओल थांबल्यावरच लावावा. ओल शोषणारे विजेचे यंत्र खोली बंद ठेवूनच चालवावे लागते. 250 वॅटचे यंत्र रोज आठ तास चालले, तर महिन्याला सुमारे 60 युनिट वाढतात. 2023 पासून लागू असलेल्या कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत भाडेकरूही येतात, पण 200 युनिटांवर वापर गेला, की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते, याचा हिशेब आधी करावा. पाऊस उघडला, की समोरासमोरच्या खिडक्या उघडणे आणि कपाटे भिंतीपासून चार-पाच इंच दूर ठेवणे हे बिनखर्चाचे उपाय त्याआधी करून पाहावेत.

करारपत्र बहुतेक वेळा 11 महिन्यांचे असते आणि येथे ते अनेकदा कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल, तर जाणकाराकडून शब्द न् शब्द वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 108 नुसार, मालकाला ठाऊक असलेला पण भाडेकरूला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष मालकाने सांगणे बंधनकारक आहे. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती, कळवूनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करण्याचा मार्गही याच कलमात आहे. मात्र करारात वेगळे ठरले असेल, तर करार चालतो. म्हणून छत, बाहेरची भिंत आणि नळाची गळती यांची दुरुस्ती मालकाकडे राहील, असे वाक्य करारात लिहून घ्यावे. डिपॉझिट देण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावेत.